अँटेरोलॅटरल लिगामेंटला मराठीत काय लिहावं?

अनुवादिका: कबड्डी खेळणाऱ्या मुलांसाठी गुडघ्याच्या दुखापतींवरची पुस्तिका मराठीत करते आहे. एसीएल, पीसीएल (गुडघ्याच्या आतले दोन लिगामेंट) तसंच ठेवलं, अँटेरोलॅटरल लिगामेंटवर अडले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला बाहेरच्या अंगाने जो उंचवटा असतो, तिथून हा तिरका पुढे-खाली येऊन नडगीच्या हाडाला चिकटतो. मी 'अग्रपार्श्व अस्थिबंध' लिहिलं. प्रशिक्षक म्हणाले, "ताई, हा पुढे आहे की बाजूला?" आणि पेनाने 'बाहेरचा स्नायू' करून दिलं. मला ते पटत नाही.

हाडवैद्य: स्नायू नकोच. स्नायू आखडतो आणि सैलावतो. हा नुसता बांधून ठेवणारा पट्टा आहे, हाडाला हाड. चढाई करणारा पाय रोवून गर्रकन वळतो तेव्हा नडगी आत फिरू पाहते. वाकलेल्या गुडघ्यात ते फिरणं आवरणाऱ्यांपैकी हा एक. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी २०१३ साली ४१ गुडघे उघडून ४० मध्ये तो दाखवला आणि 'नवा लिगामेंट सापडला' अशा बातम्या झाल्या. पण पॅरिसच्या पॉल सेगाँने १८७९ सालीच तिथे मोत्याच्या रंगाचा चिवट पट्टा असल्याचं लिहून ठेवलं होतं. पाय जोरात पिळला की तिथे नडगीच्या हाडाचा टवका उडतो, त्याला आजही सेगाँचं नाव आहे. एक्स-रेत तो दिसला की एसीएल तुटल्याचा संशय घ्यायचाच.

जुनी पोथी: प्रशिक्षकांना इतक्यात चूक ठरवू नका. सुश्रुतात स्नायू ९०० आणि पेशी (आपण आज ज्यांना स्नायू म्हणतो त्या) ५००, म्हणजे दोन्ही वेगळे. फळ्यांची नाव दोरांनी बांधल्यावर जशी भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं, असं तिथे म्हटलंय. बांधणारा तो स्नायू! अर्थ आपण मराठीत बदलला. बंगालीत तर स्नायू म्हणजे नर्व्ह.

हाडवैद्य: सुश्रुत मान्य. पण आजचा मुलगा 'स्नायू' वाचून तेल लावून चोळत बसेल. ताज्या दुखापतीवर चोळणं वाईट.

मैदानावरून: आमची पोरं सरळ 'लिगामेंट गेलं' म्हणतात, सगळ्यांना कळतं. 'गुडघ्याचा बाहेरचा लिगामेंट' लिहा.

हाडवैद्य: बाहेरच्या अंगाला आधीच दुसरा आहे, एलसीएल. हा त्याच्यावरून पुढे जातो. घोटाळा होईल.

जुनी पोथी: मग 'तिरपा बंध' म्हणा की! लिगामेंटच्या मुळाशी लॅटिनमध्येही बांधणंच आहे. आपल्याकडे बंध असताना उसनवारी कशाला?

मैदानावरून: ते 'लिगामेंट' म्हणणारं पोर मराठीच बोलतंय.

सातारकर: आमचे आजोबा असल्या सगळ्या चिवट पट्ट्यांना शीरच म्हणायचे. टाचेमागची ती घोडशीर. बैल लंगडला की आधी ती चाचपायचे.

जुनी पोथी: शीर म्हणजे सिरा, रक्ताची.

सातारकर: मग पोटरीत 'शिरेवर शीर चढली' म्हणतो, त्यात रक्त कुठे चढतं?

अनुवादिका: 'तिरपा बंध' आवडला, पण चित्राशिवाय कळेल का? पुस्तिका सोमवारी द्यायची आहे.

कोकणातून: आमच्या आजीकडून मी 'धोंडशीर' ऐकलंय. धोंड्यासारखी कडक म्हणून.

सातारकर: नाही हो, घोडशीरच. घोड्याच्या मागच्या पायाला हात लावून बघा, तिथे ती किती ठळक असते.