प्रतिसाद: मानेला करंट देऊन पोराचा हात चालेल का
ताई, गच्चीवरून पडून मानेला मार लागलेल्या तुमच्या भाच्याबद्दल वाचलं, मानेला करंट देऊन त्याचा हात पुन्हा चालेल का असं तुम्ही विचारलं, आणि वर एका दादांनी सांगितलं की नागपूरच्या धंतोलीतल्या सर्जिकलच्या दुकानातून टेन्सचं मशीन आणून मानेला लावा. बाप्पा, असं काही करू नका! ते दुखणं कमी करायचं मशीन आहे, आणि पोराला चामडीला कमी कळत असेल तर पॅडखाली भाजलेलंही समजत नाही.

तुम्ही जे विचारून राहिल्या ते वेगळं, मानेवरून मज्जारज्जूला करंट द्यायचा उपचार. त्यातही मानेवर पॅडच लावतात, ऑपरेशन नाही, पण करंटनं हात आपोआप हलत नाही, मज्जारज्जूत ज्या नसा वाचल्या त्या जरा जाग्या होतात आणि मग पोरानं स्वतः पकडायचं, सोडायचं, बटण लावायचं, तेच ते पुन्हा पुन्हा. 2024 मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात याच उपचाराची अप-लिफ्ट नावाची ट्रायल छापून आली, 60 लोक, 72 टक्क्यांना ताकद आणि हाताचं काम दोन्हीत फरक पडला. पण ते सगळे मोठे होते न, आणि इजा अर्धवट, म्हणजे मज्जारज्जूतल्या काही नसा वाचलेल्या. लहान मुलांवर अमेरिकेत लुइव्हिल विद्यापीठात काम होतं, पण तेही संशोधनच.

एक आत्ताच बघा, मनगट वर उचललं की त्याची बोटं आपोआप मिटतात का? मिटत असतील तर मनगट वर असताना बोटं सरळ ताणू नका, त्या आपोआप मिटण्यानंच त्याला पकड मिळते, ती ढिली झाली तर ग्लास कसा धरणार? मालिशवाल्यालाही सांगा, ते लोक ओढूनच बघतात. आणि मिहानच्या एम्सला दाखवून इजा अर्धवट की पूर्ण, ते कागदावर लिहून घ्या.