माळढोक + काळवीट + माणूस असा काल्पनिक प्राणी शिल्पात करायचाय, सल्ला द्या

माळावरचा_सोलापूर
नमस्कार मंडळी. आम्ही नान्नज साइडचे, माळढोक अभयारण्य जवळच, पण आता तिथं माळढोक दिसला तर नशीबच म्हणायचं. त्यावरून एक प्राणी डोक्यात बसलाय, धड माळढोकाचं, शिंगं काळवीटाची, शेपूट लांडग्याची आणि पाय माणसाचे. उंची दोनेक फूट, शाडूत करून साचा काढायचा आणि मग फायबर. स्केच बघून घरचे म्हणाले हा तर देखाव्यातला राक्षस 😄 पुराणातला वाटावा म्हणून नेमकं काय बघायचं? आणि दोन पायांवर एवढं धड तोलायचं कसं?

भीमाकाठ
घरच्यांचं बरोबरय, नुसते अवयव जोडून भागत नाही. जुन्या कारागिरांनी प्रत्येक प्राण्याला काहीतरी काम दिलेलं असायचं, देवळात अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं तिथं मकराचं (मगरीसारखा काल्पनिक प्राणी) तोंड, किल्ल्याच्या दरवाज्यावर पंजात हत्ती दाबलेला शरभ, सिंहासारखा काल्पनिक प्राणी, म्हणजे येणाऱ्याला सरळ दम. कीर्तिमुखाची, म्हणजे देवळावर कोरलेल्या त्या राक्षसी तोंडाची, गोष्ट तर भारीच, खायला कोणी उरलं नाही तेव्हा शंकराच्या सांगण्यावरून त्यानं स्वतःलाच खाल्लं आणि नुसतं तोंड राहिलं (आपल्याकडं बोअरवर बोअर मारणारे बघितले की मला तेच आठवतं). तुमचा प्राणी कुठं उभा राहणार आणि तिथं काय करणार हे आधी ठरवा, शिंगं नंतर.

टिकाव_घमेलं
पाय माणसाचे नकोत असं माझं मत. ओडिया महाभारतातला नवगुंजर शोधून बघा, सारळादासांचा, कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड असे नऊ जिवांचे भाग आणि त्यात माणसाचा फक्त एक हात. अर्जुन बाण मारायच्या बेतात असतो, तो हात दिसतो आणि ओळख पटते. म्हणजे नवातला एक वाटा आपला! तुम्ही तर अख्खा प्राणी माणसाच्या पायावर उभा केलाय, खरं उलटं आहे ना.

शाडूवाला
कामाचं सांगतो. शाडू वाळताना आकसतो, आतली तार आकसत नाही, म्हणून तडे जातात. तारेला सुतळी गच्च गुंडाळा, रोज ओलं फडकं टाकून ठेवा, साचा माती ओली असतानाच काढायचाय म्हणजे वाळवायची भानगडच नाही. तोलासाठी पाटाला लोखंडी सळई ठोकून पोटात घ्या, बाहेर दिसते तिथं कुसळी गवताचा झुबका करा, सळई लपते आणि माळही येतो.
अजून एक सुचलं. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, समोरचं नीट दिसत नाही, त्यात अंग जड, विजेच्या तारा ऐनवेळी चुकवता येत नाहीत आणि आदळून मरतात. तर फायबर झाल्यावर मानेभोवती खरी तार उघडी ठेवा आणि नवगुंजरासारखा माणसाचा एक हात करून तिचं टोक त्यात द्या.

माळावरचा_सोलापूर
शाडूवाला दादा, हे लयच जमलं! पाय माळढोकाचेच ठेवतो मग. माळाला पडीक म्हणून झाडं लावत सुटलेत त्यांच्यासाठी पण काहीतरी घालायचं होतं, ह्या पक्ष्याला उघडं गवत लागतं हे कोणाला पटतच नाही.

भीमाकाठ
मग एका पंजाखाली रोपाची काळी पिशवी दाबा, शरभाच्या हत्तीसारखी.

माळावरचा_सोलापूर
😂 फायनल. तार तांब्याची का ॲल्युमिनियमची?

शाडूवाला
ॲल्युमिनियम. लाइनला तीच असते आणि हातानं वाकते.