शब्दचर्चा : 'पोर्शन'ला हुंडा म्हणायचं का?

गेले चार महिने एका इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा अनुवाद करते आहे. काळ इंग्लंडच्या रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२०. नाचाच्या मजलिशी, घोडागाड्या, चोरून दिलेली पत्रं हे सगळं मराठीत आणताना फारसं अडलं नाही. अडलं ते पैशाच्या शब्दांपाशी. या कादंबऱ्यांत दर दहा पानांवर कुणाचं तरी उत्पन्न मोजलं जातं, आणि लग्न ठरलं की दोन्हीकडचे वकील कागद करायला बसतात.

नायिकेचे काका तिच्या 'पोर्शन'बद्दल नायकाशी बोलतात. मी सरळ 'हुंडा' लिहिलं. संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती, तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. तिचा हात थांबला. "म्हणजे हा हुंडा घेणारा निघाला? मग पोरीनं नकार का नाही दिला?" पुढची सगळी प्रेमाची पानं तिनं नाराजीनंच ऐकली. नायक तिच्या मनातून उतरला होता, आणि तो माझ्या एका शब्दानं उतरला होता. मूळ पुस्तकात त्यानं काहीही मागितलेलं नाही.

'पोर्शन', 'जॉइंचर', 'पिन मनी', 'सेटलमेंट' आणि 'एन्टेल' या शब्दांना तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

हुंडा नकोच. 'पोर्शन'चा साधा अर्थ वाटा. आईबापांच्या लग्नाच्या वेळीच पुढे होणाऱ्या मुलांसाठी रक्कम लिहून ठेवत, आणि थोरला मुलगा जमीन घेई म्हणून धाकट्या मुलांनाही पोर्शन असे. मुलाला हुंडा असतो का? एवढ्यावरून निकाल लागावा.

जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधलं बेनेट कुटुंब घ्या. आई आणि मुलांच्या नावे ५,००० पौंड लग्नाच्या कागदात बांधलेले आहेत. मुली पाच, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साधारण हजार, तेही आईच्या पश्चात. त्या पाचांतल्या एलिझाबेथला मागणी घालायला आलेला कॉलिन्स हे तिला तोंडावर ऐकवतो: चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले हजार पौंड, याहून तुला काही मिळायचं नाही. हजारावर चार टक्के म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. त्या चाळीस पौंडांचा हिशेब वाचकाच्या डोक्यात असल्याशिवाय तिच्या नकाराचं वजन कळत नाही. वडिलांचं उत्पन्न वर्षाला २,००० आहे, पण त्यांच्यामागे ती जमीन दूरच्या पुरुष नातेवाइकाला जाणार, आणि तो नातेवाईक म्हणजे हाच कॉलिन्स.

जाता जाता आणखी एक चूक सांगते, जी मी छापील अनुवादांतही पाहिली आहे. 'टेन थाउजंड अ यिअर' याचं नुसतं 'दहा हजार पौंड' करू नका. याच कादंबरीचा नायक डार्सी, त्याचे दहा हजार हे सालीना उत्पन्न आहे आणि त्याच्या बहिणीचे तीस हजार ही एकरकमी ठेव. 'वर्षाला' हा शब्द गळला की बहीण भावाच्या तिप्पट श्रीमंत दिसायला लागते! खरं तर चार-पाच टक्क्यांनी तिच्या तीस हजारांवर वर्षाला बाराशे ते पंधराशेच येतील. आपल्याकडे 'दहा हजारांची आसामी' म्हणत, ते सालाच्या उत्पन्नावरूनच. तो शब्द वापरून बघा.

प्रतिसाद

'वाटा' पटतो, पण एक अडचण आहे. वाटा म्हटलं की आजच्या वाचकाला सातबारा दिसतो. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला, तो 'वाटा'. पोर्शन मात्र बहुधा रोकड. म्हणून 'रोख वाटा' म्हणा.

'स्त्रीधन' कुणी सुचवण्याआधीच सांगतो, तेही चालणार नाही. स्त्रीधनावर मालकी बाईची. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ते स्वच्छ सांगितलं: सासरच्यांच्या हाती असलं तरी ते तिचंच. रीजन्सीतल्या इंग्लंडात नेमकं उलट होतं. लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, कपडेसुद्धा कायद्यानं नवऱ्याचे. विवाहितेला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येण्याचा कायदा टप्प्याटप्प्यानं आला, १८७० मध्ये थोडा आणि १८८२ मध्ये पुरता. तोवर बायकोचा पैसा वाचवायचा मार्ग एकच होता: लग्नाआधी करार करायचा आणि पैसे विश्वस्तांच्या हाती द्यायचे. म्हणून तर या कादंबऱ्यांत पळून जाऊन लग्न करणं एवढं भयंकर मानतात. १७५३ च्या विवाह कायद्यानंतर इंग्लंडात २१ वर्षांखालच्यांना आईबापांच्या संमतीविना परवान्यानं लग्न करता येईना, म्हणून जोडपी सरहद्द ओलांडून स्कॉटलंडातल्या ग्रेटना ग्रीनला जात. ती गाडी रात्री सुटते तेव्हा अब्रूच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागे राहते: मुलीच्या बाजूचा सही झालेला कागद. अनुवादात हे जाणवायला हवं.

प्रतिसाद

उरलेले शब्द मराठी दफ्तरांतच पडून आहेत, नवे घडवायची गरज नाही.

'जॉइंचर' म्हणजे नवरा वारल्यावर विधवेला दर साल मिळायची ठरलेली रक्कम. ढोबळ रिवाज असा की मुलीनं हजार आणले तर जॉइंचर वर्षाला शंभर. याला 'पोटगी' म्हणू नका, पोटगीला भांडणाचा आणि कोर्टाचा वास येतो. 'अन्नवस्त्र' जवळचं, पण त्यात विधवा दिराच्या दारात उभी दिसते. पेशवाईतला शब्द आहे 'नेमणूक'. आज आपण तो नोकरीपुरता ठेवलाय, पण जुन्या कागदांत नेमणूक म्हणजे ठरवून दिलेली रक्कम. 'वैधव्याची नेमणूक' म्हटलं की पैसा दयेचा राहत नाही, हक्काचा होतो.

'पिन मनी' म्हणजे नवरा हयात असताना बायकोच्या स्वतःच्या खर्चाची कराराने ठरलेली रक्कम. 'हातखर्च' म्हटलं तर ती नवऱ्याच्या लहरीवर गेली. 'चोळीबांगडी' किती नेमका शब्द आहे! मोठ्या घराण्यांत बायकांच्या चोळीबांगडीसाठी उत्पन्न तोडून देत. याहून मोठ्या पायरीवर होळकरांची 'खासगी': १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना वेगळी जहागीर दिली, ती दौलतीच्या हिशेबात मिसळत नसे. पुढे अहिल्याबाईंच्या हाती आली ती हीच खासगी.

'एन्टेल' म्हणजे जमीन विकता न येता ठरलेल्या वारसाकडेच जाण्याचं बंधन. त्याला नेमका एक शब्द नाही, पण भावना ओळखीची आहे. वतन विकून टाकता येत नसे, घराण्यातच राही. मुंबई सरकारच्या १८८६ च्या कायद्यानं तर वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून बाकीच्या बायकांना घराण्यातल्या सगळ्या पुरुषांच्या मागे ढकललं. त्या घरातल्या लेकींना बेनेट भगिनींची काळजी समजावून सांगावी लागली नसती. 'पुरुषवारसाला बांधलेली जमीन' एवढं सरळ लिहा.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सेटलमेंट', म्हणजे लग्नाआधीचा तो पैशाचा करार, राहिलं होतं. त्याचा शब्द मला घरातच सापडला.

आजीच्या ट्रंकेत तिच्या लग्नाची यादी आहे. आमच्याकडे लग्न ठरलं की 'याद्या' व्हायच्या. फुलस्केप कागद, वर 'श्री', चारही कोपऱ्यांना हळदकुंकू, जे आता तपकिरी झालंय. डावीकडे वधूपक्षानं करायचं: वरदक्षिणा, वरास पोशाख, विहिणीस शालू, करवलीचा मान, जाण्यायेण्याचं भाडं. उजवीकडे वरपक्षानं मुलीच्या अंगावर घालायचं: चार तोळ्यांच्या पाटल्या, मंगळसूत्र, दोन साड्या. खाली दोन्हीकडच्या पुरुषांच्या सह्या. आजीची सही कुठेच नाही. इंग्लंडातल्या करारावर निदान मुलगी सही करायची.

तो कागद मी काल पुन्हा दोनदा वाचला. त्यात मानपान आहे, जेवणावळी आहेत, पानाच्या विड्यांची संख्यासुद्धा आहे. नवरा वारला तर मुलीचं काय, याबद्दल एक ओळ नाही. इंग्रजी करारात मात्र तोच मुख्य विषय. प्रेमकादंबरीत लग्नाच्या आदल्या आठवड्यात वकील मरणाबद्दल बोलतो तेव्हा मराठी वाचकाला ते अभद्र वाटेल, मलाही वाटलं होतं. आता वाटत नाही. आजोबा गेले तेव्हा आजी एकतीस वर्षांची होती. चार तोळ्यांच्या पाटल्यांतल्या दोन तिनं माझ्या बाबांच्या शिक्षणासाठी विकल्या. मुलीच्या नावानं आधीच रक्कम बांधून ठेवणारा माणूस मला त्या कथेतला खरा प्रेमिक वाटायला लागलाय, आणि ते मराठीत उतरवायचं तर शब्द चुकून चालणार नाही.

तर 'सेटलमेंट'ला 'लग्नाची यादी' म्हणणार नाही, कारण त्यात हेच नसतं. 'लग्नाचा करारनामा' ठरवलंय, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आपल्याकडच्या यादीसारखाच, पण विश्वस्तांच्या साक्षीनं केलेला' एवढं वाक्यातच गुंफते आहे. तळटीप देणार नाही, प्रेमकथेत तळटीप वाचायला कुणी थांबत नाही.

काकांचं वाक्य आता असं झालंय: "मुलीचा रोख वाटा आठ हजारांचा आहे. तो विश्वस्तांकडे राहील. तुम्ही तिच्या वैधव्याची नेमणूक किती लिहून देता?" आणि नायक म्हणतो, "तुम्ही म्हणाल त्याच्या दुप्पट."

आईला काल परत वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "दुप्पट म्हणजे किती?" मी म्हटलं, रिवाजाप्रमाणे आठशे, म्हणजे दुप्पट वर्षाला सोळाशे. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "पुढचं वाच."

'चोळीबांगडी' इंग्रज सरदाराच्या तोंडी शोभेल का, एवढ्यावर अजून अडले आहे. कुणाला सुचलं तर सांगा, ते प्रकरण या आठवड्यात करायचंय.