फॉलआउट: कोणत्या भागाने तुमचं ऐकलं? (अनुभव धागा)

फॉलआउट या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की गाडी हमखास 'सगळ्यात भारी भाग कोणता' यावर येते आणि तिथेच रुतते. या धाग्यात ते नको. माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही गेममध्ये जे बोललात, जे केलंत, त्याची दखल कोणत्या भागाने घेतली? कोणत्या भागात वाटलं की हे उजाड जग आपलं ऐकतंय?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: या जगात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होतं आणि काही माणसं व्हॉल्ट नावाच्या भुयारी आश्रयस्थानांमध्ये तगतात. पहिला भाग १९९७ चा, दुसरा १९९८ चा, दोन्ही इंटरप्लेचे. पुढे मालिका बेथेस्डाकडे गेली: २००८ मध्ये तिसरा भाग, २०१५ मध्ये चौथा, २०१८ मध्ये फॉलआउट ७६. मधला २०१० चा न्यू वेगास ऑब्सिडियनने बनवला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मी प्रत्येक भाग बोलण्याच्या कसोटीवर तोलतो. तिसऱ्या भागात समोरच्याला पटवायच्या वाक्यापुढे टक्के दिसतात, म्हणजे फासा टाकायचा. दान उलटं पडलं की लोक जुना सेव्ह उघडून तेच वाक्य पुन्हा बोलतात. न्यू वेगासने फासा काढला आणि उंबरठा घातला. गुडस्प्रिंग्समधल्या म्हाताऱ्या ईझी पीटकडून डायनामाइट हवं असेल तर स्फोटकांचं कौशल्य २५ लागतं. तेवढं असलं तर तो देतो. नसलं तर तुमच्या तोंडी येणारं वाक्यच इतकं कच्चं असतं की त्याचा नकार पटतो. चौथ्या भागात चार बटणांवर चार उत्तरं, पिवळा-नारिंगी-लाल रंग, आणि पुन्हा फासा. माझ्या लेखी ते पाऊल मागे पडलं.

कथेतले बरेच पत्ते इथे उघडे होणार आहेत. ज्यांना कोऱ्या पाटीने खेळायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं. बाकीच्यांनी सविस्तर लिहा.

ठाण्याहून

मी पहिल्या भागापासूनचा. वरून तिरकं दिसणारं चित्र, आळीपाळीने लढाई, आणि डोक्यावर १५० दिवसांची मुदत: तेवढ्यात पाणी शुद्ध करणारी चिप आणली नाही तर व्हॉल्ट १३ तहानेने मरणार. आजच्या गेममध्ये कथा तुमची वाट बघत थांबते, तिथे थांबत नव्हती. हब नावाच्या शहरातल्या पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन १०० दिवस वाढवून मिळतात, पण त्यामुळे व्हॉल्टचा पत्ता शत्रूला लवकर लागतो. निर्णयाची किंमत म्हणतात ती ही.

दखल म्हणाल तर तांडी. शेडी सँड्स हे मातीच्या घरांचं टीचभर गाव. तिथल्या प्रमुखाची, अराडेशची, ही मुलगी. खान टोळीवाले तिला पळवून नेतात आणि आपण तिला सोडवून आणतो. लढून, पैसे मोजून किंवा बोलून, कसंही. माझ्या दृष्टीने ते तेवढंच होतं. मग दुसरा भाग लागला. कथा ८० वर्षं पुढे, वर्ष २२४१. शेडी सँड्स आता न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची राजधानी, आणि राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत एक म्हातारी बाई बसलेली. तांडी! मी खुर्ची मागे सरकवून उभाच राहिलो. न्यू वेगासमध्ये हूवर धरणावर पहारा देणारे सैनिक याच प्रजासत्ताकाचे. तीन भागांतून एक गाव असं देश होताना बघायला मिळणं मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये लाभलेलं नाही.

आणि पहिल्याचा शेवट. म्युटंटांचा, म्हणजे माणसांपासून बनवलेल्या राक्षसी जीवांचा, सूत्रधार मास्टर याला गोळी न घालताही हरवता येतं. तुमच्या म्युटंटांना मुलं होऊच शकत नाहीत, हा पुरावा ब्रदरहूड या जुनं तंत्रज्ञान जपणाऱ्या संघटनेकडून मिळवून त्याच्यासमोर ठेवायचा. त्याची सगळी योजना नव्या मानववंशाची, आणि त्या वंशाला पुढची पिढीच नाही. त्याला ते पटतं आणि तो स्वतःच सगळं संपवतो. १९९७ मध्ये एका गेमने खलनायकालाही विवेक दिला होता.

कोल्हापूरहून

ठाणेकर दादांनी बाजू जोरात मांडली आहे, पण तिसऱ्या भागावर अन्याय नको. तो भारतात एक्सबॉक्सवर अधिकृतपणे आलाच नाही. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' एवढंच कारण दिलं गेलं. गेममधल्या दोन तोंडांच्या गायींना ब्राह्मिन म्हणतात म्हणून असेल, असा सगळ्यांचा कयास होता. आमच्या घरी डिस्क आली ती दुबईच्या मामाकडून.

तिसरा आवडतो तो मेगाटनसाठी. न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती जुन्या पत्र्यांनी उभारलेलं गाव. शेरीफ म्हणतो बॉम्ब निकामी कर, आणि दारूच्या गुत्त्याच्या कोपऱ्यात बसलेला सूटवाला मिस्टर बर्क म्हणतो उडवून दे, पैसे देतो. मी एकदा उडवून बघितलं. टेनपेनी टॉवरच्या गच्चीतून तो झोत बघितला आणि पुढे परत गेलो तर दुकानवाली मोयरा तिथे जिवंत, कातडी जळून घूल, म्हणजे किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली माणसं असतात तशी झालेली, आणि तरीही माझ्याशी गोड बोलणारी. पुढे वडील भेटले तेव्हा त्यांनीही जाब विचारला. वडिलांचा आवाज लियम नीसनचा. त्या आवाजात निराशा ऐकणं सोपं नव्हतं भावांनो.

खटकतं ते शेवटचं. किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जायचंय, शेजारी फॉक्स नावाचा म्युटंट साथीदार उभा, ज्याला किरणोत्सर्गाचं काहीच होत नाही, आणि तो नकार देतो. पुढच्या वर्षी आलेल्या ब्रोकन स्टील या जोडभागात ते दुरुस्त केलं. म्हणजे चूक त्यांनाही कळली होती.

नागपूरहून

न्यू वेगास. दुसरं नावच नाही घेणार मी. सगळे हूवर धरणाबद्दल बोलतील, मी व्हॉल्ट ११ सांगतो.

दारातच सांगाडे पडलेले आणि एक ध्वनिफीत. आत गेलं की भिंतींवर निवडणुकीची पोस्टर्स. वाचायला लागलो तर काहीतरी उलटं वाटलं: प्रत्येक पोस्टर समोरच्या उमेदवाराचे दोष सांगतं आणि त्यालाच निवडून द्या म्हणतं. हळूहळू संगणकांवरच्या नोंदी वाचत उलगडतं. दरवर्षी एकाचा बळी दिला नाही तर सगळ्यांना मारू, असं यंत्राने बजावलेलं, आणि बळी कोणाचा? निवडून आलेल्या ओव्हरसीयरचा, म्हणजे व्हॉल्टच्या प्रमुखाचा. म्हणून निवडणूक म्हणजे शिक्षा. मग गट पडले, मतांचे सौदे झाले. कॅथरीन स्टोन नावाच्या बाईला नवऱ्याचं नाव मतपत्रिकेवरून वाचवायचं म्हणून एका गटाने छळलं, आणि तरी त्यालाच निवडून दिलं. तिने त्या गटातल्या लोकांना मारायला सुरुवात केली, म्हणून पुढच्या बळीसाठी तीच निवडून आली. खुर्चीत बसल्यावर तिने पहिला हुकूम काढला तो निवडणूक बंद करण्याचा: बळी आता यंत्र नशिबाने काढेल. ज्यांची मतांची पेढी होती त्यांनी बंदूक उचलली आणि व्हॉल्ट रक्तात बुडाला.

शेवटी उरलेल्या पाच जणांनी बळी द्यायला नकार दिला. यंत्राने त्यांचं अभिनंदन केलं आणि दार उघडलं. नकार द्यायची देरी होती फक्त, इतकी वर्षं.

आता यात माझी दखल कुठे घेतली म्हणाल? माझ्या हातात काहीच नव्हतं हो, सगळे कधीचेच मेलेले. पण गेमने मला कुठेही हे समजावून सांगितलं नाही. कागद, पोस्टर आणि आवाज पसरून ठेवले आणि जोडायचं काम माझ्यावर सोपवलं. खेळणाऱ्याच्या डोक्यावर एवढा विश्वास टाकणं हीसुद्धा दखलच आहे भाऊ.

बॉस्टनजवळून

चौथ्या भागाला इथे फार टोमणे बसतात म्हणून मुद्दाम लिहितेय. तो बॉस्टनमध्ये घडतो आणि मी त्याच शहराच्या कडेला राहते. फ्रीडम ट्रेल ही विटांची लाल रेघ बॉस्टन कॉमनपासून निघते. आईबाबा इथे आले होते तेव्हा त्यांना त्यावरून चालवत नेलं होतं. गेममध्ये तीच रेघ, फुटकी, मध्येच ढिगाऱ्याखाली गेलेली. तिच्यावरच्या खुणांमधून अक्षरं गोळा करत ओल्ड नॉर्थ चर्चपर्यंत जायचं, तळघरात रेलरोड या गुप्त संघटनेचं दार. आजूबाजूला म्युटंट फिरत असताना मला प्रत्येक वळण आधीच ठाऊक होतं. फेनवे पार्कचं मैदान डायमंड सिटी नावाचं गाव झालंय. आणि यूएसएस कॉन्स्टिट्यूशन, जे खरं जहाज आजही चार्ल्सटाउनच्या धक्क्याला पाण्यात उभं आहे, ते एका इमारतीवर अडकलेलं, आणि त्यावरचे यंत्रमानव खलाशी ते समुद्राकडे न्यायला धडपडताहेत. कॅप्टन आयर्नसाइड्सचं काम मी जिवावर उदार होऊन पूर्ण केलं.

संवाद उथळ झाले हे कबूल. पोटचं मूल हरवलेल्या आईला पलंग आणि पाण्याचे पंप बसवत फिरायला लावणं हेही कथेला पोषक नाही. पण सँक्चुअरी नावाच्या वस्तीत मी बांधलेल्या घरात संध्याकाळी माणसं येऊन बसतात, मी लावलेल्या दिव्याखाली उभी राहतात. या भागात जग जिभेचं ऐकत नाही, हाताचं ऐकतं. आणि ज्यांना जिभेचंच हवं त्यांनी फार हार्बर हा जोडभाग खेळावा, मेनच्या बेटावरचा. तिथले तीन गट कसे राहायचे, हे खरंच तुमच्या बोलण्यावर ठरतं.

धागाकर्ता

बॉस्टनच्या ताईंचा हाताचा मुद्दा मला लागू पडला. फार हार्बर पुन्हा लावतो.

साताऱ्याहून

मी फक्त मोबाइलवरचं फॉलआउट शेल्टर खेळलेय, एसटीच्या प्रवासात. तिथे दखल वगैरे नाही, वीज, पाणी आणि अन्न यांचा ताळमेळ. एवढंच. वाचतेय सगळ्यांचं.

म्हापशाहून

फॉलआउट ७६ बद्दल कुणी लिहिणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मीच. २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात बोलायला एक जिवंत माणूस नव्हता. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात फिरायचं आणि मेलेल्यांच्या ध्वनिफिती ऐकायच्या. लोकांनी शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या. पण फ्लॅटवुड्सच्या चर्चमध्ये रिस्पॉन्डर नावाचे स्वयंसेवक नवख्यांना तगायला शिकवायचे. ते सगळे गेलेले, आणि त्यांचे धडे मात्र चालू. नदीचं पाणी कसं उकळायचं हे मी एका मेलेल्या संस्थेकडून शिकलो.

एप्रिल २०२० मध्ये वेस्टलँडर्स हा जोडभाग आला आणि माणसं परतली. लॉकडाउन होता, घराबाहेर चिटपाखरू नव्हतं. माझ्याकडे गोळ्या संपल्या होत्या, समोर स्कॉर्च्ड नावाचे शत्रू, आणि कुठून तरी भारी चिलखतातला एक अनोळखी खेळाडू आला. त्याने मैदान साफ केलं, माझ्यासमोर औषधांची पिशवी टाकली, हात हलवला आणि गेला. एक शब्द नाही. नंतर कळलं की या गेममध्ये जुने खेळाडू नव्यांशी असंच वागतात. मी आता तेच करतो. बाकीच्या भागांत जगाने माझं ऐकलं असेल, पण ते लिहिलेलं होतं. हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

पुण्याहून

२०२४ ची वेबमालिका बघून इकडे आलेय. एकही भाग खेळलेला नाही. वाचून डोकं गरगरलं, पण खेळायचं नक्की. सुरुवात कुठून करू?

ठाण्याहून

ताई, वेळ असेल तर पहिलाच. चित्र जुनं वाटेल, पण तो छोटा आहे. पात्र बनवताना तीन खास कौशल्यं निवडायची असतात, त्यात बोलण्याचं ठेवा आणि बुद्धी मुळीच कमी करू नका. बुद्धी अगदी कमी असेल तर पात्राला धड बोलताच येत नाही आणि लोकही तसेच वागतात. जुनी चित्रं झेपत नसतील तर थेट न्यू वेगास. तिथे गुडस्प्रिंग्समधून निघाल्यावर सरळ उत्तरेकडे जाऊ नका, डेथक्लॉ नावाचे अक्राळविक्राळ प्राणी आहेत. दक्षिणेला प्रिम, मग नोव्हॅक, तो वळसा लांबचा पण कथेचाच आहे. दुसरा भाग नंतर. त्याची सुरुवातीची मंदिरातली परीक्षा कंटाळवाणी आहे, तिथे सोडून देऊ नका. शेडी सँड्समध्ये पोचलात की इथे येऊन लिहा.