मदत हवी आहे : वॉन फ्लू चोक लागत नाही

मंडळी, एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) किंवा जुजुत्सू करणाऱ्यांसाठी प्रश्न. मी कुस्तीतून आलोय, त्यामुळे पट काढायला गेलो की समोरचा हमखास गिलोटिन घालतो, म्हणजे माझी मान बगलेत धरून आवळतो. त्यावरचा उतारा म्हणून वॉन फ्लू चोक शिकतोय, म्हणजे त्याने गिलोटिन धरून ठेवलेलं असतानाच वरून खांद्याने त्याची मान दाबायची. जेसन वॉन फ्लूने २००६ मध्ये यूएफसी या एमएमए स्पर्धेत अ‍ॅलेक्स करालेक्सिसवर लावला तोच. पुढे ओव्हिन्स सेंट प्रूने तिथे चार लढती यावर जिंकल्या, म्हणून काही जण त्याला ‘वॉन प्रू’च म्हणतात!

डोकं अडकलंय त्याच्या विरुद्ध बाजूने पाय ओलांडून साइड कंट्रोलला (त्याच्या बाजूने छातीवर आडवं) येतो, इथवर ठीक. पण खांदा मानेच्या बाजूला रुतायच्या ऐवजी हनुवटीवर सरकतो. जोडीदाराला नुसतं दुखतं, टॅप (हार मानल्याची थाप) काही येत नाही. शिवाय शहाणा जोडीदार लगेच गिलोटिनची पकड सोडतो आणि सगळंच मुसळ केरात.

तर, दोन्ही हात त्याच्या मानेमागे एकमेकांत अडकवायचे की एक हात मोकळा ठेवायचा? वजन छातीतून द्यायचं की पायांच्या चवड्यांवर येऊन खांद्यातून? आणि तो पकड सोडू नये म्हणून काय करता? सेंट प्रूसारखं धिप्पाड शरीर नसलेल्या, साधारण पासष्ट किलोच्या कुणाला हा खरोखर लागलाय का?