अनुभव धागा : मसल कूपे, पण सर्वांत लहान इंजिनाची

धाग्यामागची भूमिका

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये गाडीचा विषय निघाला, की बोलणे बहुधा कॅमरी, अकॉर्ड आणि सीआर-व्ही यांच्यापाशी येऊन थांबते. तरीही लांब बॉनेटची, दोन दारांची (म्हणजे कूपे प्रकारची) फोर्डची मस्टँग किंवा डॉजची चॅलेंजर आपल्या दारात उभी असावी, अशी इच्छा बाळगणारे आपल्यात कमी नाहीत. व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाची किंमत आणि त्याचा पुढचा खर्च झेपणारा नसल्यामुळे त्यांतील बरेच जण त्याच गाडीची सर्वांत लहान इंजिनाची आवृत्ती घेतात आणि तीच रोज कामावर नेतात. हा धागा त्यांच्यासाठी आहे.

मसल कार म्हणजे दमदार इंजिनाची अमेरिकी गाडी; लहान इंजिनाच्या अशा गाडीला ‘नकली मसल कार’ म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून आधी थोडा इतिहास. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली, तेव्हा २,३६८ डॉलरच्या मूळ किमतीत मिळणारे इंजिन सहा सिलिंडरचे, १७० घन इंचांचे आणि जेमतेम शंभर अश्वशक्तीचे होते. व्ही-८ साठी तेव्हाही जादा पैसे मोजावे लागत. शेव्हरोलेच्या १९८२ च्या कॅमारोमध्ये तर ९० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिनसुद्धा मिळत असे. म्हणजे दिसायला दांडगी आणि खिशाला सोसणारी गाडी विकणे, हा या प्रकाराचा पहिल्यापासूनचा व्यवहार आहे.

अनुभव लिहिताना इंजिनाच्या ताकदीवर फार वेळ घालवू नये, ही विनंती. ते आकडे सर्वत्र मिळतात. विमा, टायर, मागची सीट, बर्फ आणि पार्किंग यांबद्दल मात्र प्रत्यक्ष वापरणाराच सांगू शकतो.

कोलंबस, ओहायो

माझी गाडी २०१३ ची व्ही-६ मस्टँग आहे. ती मी जुनी घेतली आणि मुद्दाम सहा गिअरची मॅन्युअल घेतली. त्याआधी २००५ ते २०१० या काळातील गाड्याही पाहिल्या होत्या. त्यांतील ४.० लिटरचे व्ही-६ इंजिन २१० अश्वशक्तीचे होते आणि जीटी या वरच्या आवृत्तीचे ४.६ लिटरचे व्ही-८ सुरुवातीला ३०० अश्वशक्तीचे. २०११ मध्ये ३.७ लिटरचे नवे व्ही-६ आले, ते ३०५ अश्वशक्तीचे. थोडक्यात, सहा वर्षांपूर्वीच्या व्ही-८ पेक्षा नवे व्ही-६ अधिक ताकदवान झाले, आणि स्वयंचलित गिअरच्या गाडीला महामार्गावर गॅलनमागे ३१ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे १३ किलोमीटर, असा अधिकृत आकडा मिळाला. ज्याला जुनी गाडी घ्यायची आहे त्याने २०१० आणि २०११ यांमधील ही सीमारेषा नीट लक्षात ठेवावी, कारण जाहिरातीत दोन्ही गाड्या नुसत्या ‘मस्टँग व्ही-६’ म्हणूनच येतात.

माझ्या मेकॅनिकने हे इंजिन घेण्याच्या बाजूने दोन कारणे सांगितली होती आणि ती मला अजूनही पटतात. यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारले जाते, त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांप्रमाणे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचण्याची काळजी राहत नाही. दुसरे असे, की हेच इंजिन इतर गाड्यांमध्ये आडवे बसवले जाते तेव्हा त्याचा वॉटर पंप टायमिंग चेनच्या आत असतो आणि तो बदलणे फार खर्चिक पडते. मस्टँगमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि पंप बाहेर, हाताशी राहतो.

विम्याबाबत एकच सांगतो. मी देशात नवा होतो आणि माझा क्रेडिट इतिहास (कर्जफेडीची नोंद) तयार झालेला नव्हता. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाई अशी मोजकी राज्ये सोडली, तर बहुतेक ठिकाणी विमा कंपन्या हप्ता ठरवताना क्रेडिटही पाहतात. म्हणून गाडी ठरवण्याआधी तिचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक देऊन तीन-चार कंपन्यांकडून हप्ता विचारून घ्यावा. मला मिळालेल्या आकड्यांमध्ये व्ही-६ आणि व्ही-८ यांच्यात जेवढा फरक होता, त्याहून मोठा फरक एका कंपनीपासून दुसऱ्या कंपनीपर्यंत होता.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे व्ही-६ ची चॅलेंजर आहे आणि ती प्रामुख्याने मी चालवते. कूपेमध्ये संसार मावत नाही, हे मत मी सर्वांकडून ऐकले होते, सासूबाईंकडून तर विशेष. प्रत्यक्षात मस्टँग, कॅमारो आणि चॅलेंजर या तीन गाड्यांमध्ये फार मोठा फरक आहे. चॅलेंजरची डिक्की १६.२ घनफुटांची, म्हणजे जवळजवळ ४६० लिटरची आहे, तर शेवटच्या पिढीच्या कॅमारोची ९.१ घनफुटांची. चॅलेंजरच्या मागच्या सीटवर तिघांसाठी पट्टे आहेत, उरलेल्या दोघींमध्ये फक्त दोघांसाठी.

लहान मुलाची सीट हा मात्र वेगळाच विषय आहे. न्यू जर्सीत अगदी लहान मुलाला मागे तोंड केलेल्या सीटमध्ये बसवणे बंधनकारक आहे. तशी सीट बसवली की पुढच्या सीटवरच्या माणसाला गुडघे जवळ घेऊन बसावे लागते आणि मुलाला आत ठेवताना आपल्याला अर्धे आत वाकावे लागते. पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी या काळात दुसरी गाडी वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल पुढे तोंड करून बसू लागले की त्रास निम्म्याने कमी होतो.

खरी अडचण दारांची आहे. दोनच दारे असल्यामुळे ती लांब असतात, आणि गाडी स्वतः सुमारे पाच मीटरची. ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी किराणा घ्यायला गेल्यावर दोन गाड्यांच्या मध्ये जागा मिळाली, तर दार पूर्ण उघडत नाही आणि मागचा माणूस बाहेर येऊ शकत नाही. मी ज्येष्ठांना आधी दुकानासमोर उतरवते आणि मग गाडी लांब, कडेच्या जागेत लावते. आई-वडील भारतातून सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर त्यांना पुढच्या सीटवर बसवावे. मागे जाण्यासाठी साडी सावरत पुढच्या सीटच्या मागून सरकणे त्यांना अवघडल्यासारखे वाटते, आणि ते बोलून दाखवत नाहीत.

या गाडीत व्ही-६ सोबत मॅन्युअल गिअर कधीच मिळाला नाही. आम्हाला त्याची खंत नाही. २०१५ पासून आलेला आठ गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स रोजच्या गर्दीत सुखाचा आहे, आणि हे इंजिन साध्या (८७ ऑक्टेनच्या) पेट्रोलवर चालते.

मिनियापोलिस, मिनेसोटा

ओहायो आणि न्यू जर्सीच्या सभासदांनी बर्फाबद्दल लिहिले नाही, म्हणून ती बाजू मी मांडतो. माझी गाडी २०१६ ची मस्टँग आहे, २.३ लिटरच्या टर्बो इंजिनाची.

मागची चाके फिरवणारी गाडी हिवाळ्यात चालत नाही, हे अर्धसत्य आहे. चालत नाहीत ते चुकीचे टायर. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. याच ठिकाणी लहान इंजिनाच्या गाडीचा फायदा कळतो. मूळ आवृत्तीला १७ इंची चाके आणि बारमाही टायर येतात, तर महागड्या परफॉर्मन्स पॅकेजला १९ इंची चाके आणि उन्हाळी टायर. १७ इंची हिवाळी टायरांचा संच बराच स्वस्त पडतो आणि मोठ्या ब्रेकमध्ये अडकत नाही. मी चार वेगळ्या रिमांवरच हिवाळी टायर चढवून ठेवले आहेत. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधी ते लागतात आणि एप्रिलमध्ये उतरतात.

टर्बो इंजिनाचा टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) ३२० पाउंड-फूट आहे आणि तो कमी फेऱ्यांवरच येतो, त्यामुळे घट्ट झालेल्या बर्फावर मी दुसऱ्या गिअरमध्ये निघतो आणि बर्फासाठी दिलेला मोड वापरतो. तरीही एक गोष्ट कोणत्याही टायरने सुटत नाही. पालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर रस्ता साफ करून गेल्यावर घराच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध उरतो, तो या बुटक्या गाडीला ओलांडता येत नाही. फावडे घेऊन उतरावे लागते. ज्यांना त्याचा कंटाळा आहे, त्यांनी २०१७ पासून आलेली चारही चाके फिरवणारी व्ही-६ चॅलेंजर पाहावी.

फ्रिमाँट, कॅलिफोर्निया

दोन लिटर टर्बोची कॅमारो, मॅन्युअल गिअर. ही निवड पैशापेक्षा वळणांसाठी होती. या गाडीचे वजन सुमारे १,५१५ किलो आहे आणि व्ही-८ ची त्याहून दीडशे किलोंनी जड आहे. ते जादा वजन बहुतेक पुढच्या चाकांवर येते. सांताक्रूझच्या डोंगरातील रस्त्यांवर नाक हलके असण्याचा जो आनंद मिळतो, तो अश्वशक्तीच्या तक्त्यात दिसत नाही.

खिडक्या अरुंद आहेत आणि मागचे फारसे दिसत नाही, ही या गाडीची प्रसिद्ध खोड आहे. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी ती एकदा गर्दीच्या वेळी महामार्गावर चालवून, लेन बदलून पाहावी. दुसरे म्हणजे उत्पादक महाग पेट्रोलची शिफारस करतो, आणि ते आमच्या राज्यात चांगलेच जाणवते. ज्याला साध्या पेट्रोलवर चालणारी गाडी हवी असेल, त्याने ३.६ लिटरचे ३३५ अश्वशक्तीचे व्ही-६ शोधावे. २०२४ च्या मॉडेलनंतर कॅमारो बंद झाली, त्यामुळे आता निवड जुन्या गाड्यांतूनच करायची आहे.

ह्यूस्टन, टेक्सास

जुनी मस्टँग घेणाऱ्यांसाठी थोडी सावधगिरी. लहान इंजिनाच्या मस्टँग मोठ्या संख्येने भाड्याच्या ताफ्यात जातात आणि तेथून जुन्या बाजारात येतात. अशी गाडी वाईटच असते असे नाही, कारण तिची देखभाल वेळापत्रकानुसार झालेली असते, परंतु तिला कोणी कसे पळवले हे कळायला मार्ग नाही. इतिहासाचा अहवाल घ्यावा आणि किंमत त्यानुसार बोलावी.

मला एका विक्रेत्याने व्ही-८ चे चिन्ह चिकटवलेली गाडी दाखवली होती. अशा वेळी समोरच्या काचेतून दिसणाऱ्या व्हीआयएन क्रमांकातील आठवे अक्षर पाहावे. २०१५ नंतरच्या मस्टँगमध्ये तेथे ‘एच’ असेल तर इंजिन २.३ लिटरचे आहे, ‘एफ’ असेल तर ५ लिटरचे. विमा कंपनीसुद्धा तेच अक्षर वाचते, बॉनेटच्या बाजूचे चिन्ह वाचत नाही.

पुणे

येथून लिहिण्यासारखे थोडेच आहे. भारतात मस्टँग २०१६ मध्ये उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह आली, पण केवळ ५ लिटरच्या व्ही-८ रूपात आणि सुमारे ६५ लाख रुपयांना. लहान इंजिन आणलेच नाही. त्यामुळे अमेरिकेत ज्या गाडीने शिक्षक आणि परिचारिका कामावर जातात, तिचे नाव आमच्या सोसायटीत केवळ चैनीशी जोडले गेले आहे.

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

वरचे सर्व वाचून थोडा वेगळा सूर लावतो. पाच वर्षे मी २०१८ ची टर्बो मस्टँग रोज चालवली आणि नंतर जीटी घेतली. टर्बोबद्दल तक्रार काहीच नव्हती.

लहान इंजिन घेण्याचे कारण म्हणून लोक पेट्रोल सांगतात, तेव्हा त्यांनी हिशेब केलेला नसतो. स्वयंचलित गिअरच्या २०१८ च्या टर्बोचा अधिकृत सरासरी आकडा गॅलनमागे २५ मैल आणि जीटीचा १९ मैल आहे. वर्षाला १२,००० मैल धरले तर ४८० आणि सुमारे ६३२ गॅलन लागतात. गॅलनला सव्वातीन डॉलरच्या भावाने वर्षाचा फरक पाचशे डॉलरच्या आतच राहतो. टर्बोवर जोर दिला की तिचा आकडा झपाट्याने खाली येतो, आणि पूर्ण ताकद हवी असेल तर तिलाही महाग पेट्रोल लागते, म्हणजे हा फरक आणखी आक्रसतो. खरी बचत खरेदीच्या दिवशी होते. २०२४ च्या नव्या मस्टँगमध्ये टर्बो सुमारे ३१ हजार डॉलरपासून होती आणि जीटी सुमारे ४२ हजारांपासून. या ११ हजारांवरचे कर्जाचे व्याज आणि जीटीचे रुंद टायर पेट्रोलपेक्षा कितीतरी जड पडतात.

मी जीटी घेतली ती आवाजासाठी आणि क्लचसाठी. टर्बोच्या आवाजाचा काही भाग गाडीतील स्पीकरमधून येतो, हे कळल्यापासून तो मला ऐकवेना. शिवाय २०२४ पासून टर्बो मस्टँगला मॅन्युअल गिअर मिळणे बंद झाले, आणि तो फक्त व्ही-८ सोबत उरला. ज्यांना या दोन गोष्टींचे सोयरसुतक नाही, त्यांनी ११ हजार डॉलर बँकेत ठेवावेत. ज्यांना क्लच हवा आहे पण ४२ हजार नाहीत, त्यांनी ओहायोच्या सभासदांप्रमाणे २०११ ते २०१७ मधील व्ही-६ शोधावी किंवा २०२३ पर्यंतची मॅन्युअल टर्बो. चांगल्या अवस्थेतल्या आणि कमी चाललेल्या अशा गाड्या दक्षिणेकडील राज्यांत पाहाव्यात, कारण तेथे रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रमाण कमी असल्याने खालचा पत्रा गंजलेला नसतो.