कानातल्या रातकिड्यांची बातमी गावच्या पेपरात कशी आणायची?

जॉबरकाका (इचलकरंजी):

नमस्कार मंडळी. वय ५४. एकोणिसाव्या वर्षी साध्या मागावर उभा राहिलो, पुढे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, झालो. बारा तासांची पाळी, शेडमध्ये चोवीस माग, बोलायचं ते ओठांच्या हालचालीवर नाहीतर हातवारे करून. तीन वर्षांपूर्वी ते काम सोडलं. आता थोरल्याच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसतो.

माझ्या डाव्या कानात दिवसरात्र किर्रर्र असा आवाज असतो. पहिल्यांदा लक्षात आलं ती रात्र अजून आठवते. लाइट गेली, सगळे माग एकदम थांबले आणि मला वाटलं कुठलीतरी मोटर चालूच राहिली आहे. टॉर्च घेऊन मी अख्खी शेड फिरलो. लाइटच नाही तर मोटर कशी चालेल, हे कळायला मला दहा मिनिटं लागली.

त्यानंतर सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला वाटायचं मी चिडका झालोय. लसूण घालून गरम केलेलं तेल कानात घालून झालं. मग पेपरातली एक जाहिरात वाचून थेंबांचा कोर्स केला, त्यात अठरा हजार गेले आणि आवाज तसाच राहिला. शेवटी मुलानं ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे नेलं. त्या बाईंनी माझ्या ऐकण्याचा आलेख काढून दाखवला, ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरलेली. आवाजानं कान गेला की तिथंच खड्डा पडतो म्हणाल्या. कानातल्या बारीक केसपेशी मरतात, त्या परत येत नाहीत, आणि आत यायचा आवाज कमी झाला की मेंदू आपणच आवाज चढवतो. या दुखण्याला टिनिटस म्हणतात हे त्या दिवशी कळलं. कानाचं मशीन लावल्यापासून दिवसा बराच फरक आहे. रात्री पंखा लावून झोपतो.

आता मुद्द्याचं. परवा चहाच्या गाड्यावर जुने पाच सोबती भेटले. मी सहज विचारलं, "कुणाचं कान वाजतंय का रे?" पाचातल्या तिघांनी मान हलवली. तिघांपैकी एकानंही घरी सांगितलेलं नाही. एकजण रात्रभर टीव्ही चालू ठेवतो, आणि घरचे त्याला वीजबिलावरून बोलतात.

आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून गावानं हा आवाज ऐकलाय, आणि गावच्या पेपरात त्याबद्दल एक ओळ नाही. कानाविषयी छापून येतं ते दोनच वेळा, मशीनच्या जाहिरातीत आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डेसिबलच्या तक्त्यात. मी एका पेपरच्या कचेरीत गेलो होतो. "यात बातमी काय? जाहिरात द्या," असं उत्तर मिळालं.

इथं पत्रकार, डॉक्टर कुणी असाल तर सांगा. शब्द कुठला वापरू? टिनिटस कुणाला कळत नाही, कर्णनाद म्हटलं तर कीर्तनातलं काही वाटतं. आणि लोक घाबरणार नाहीत असं कसं लिहू?

तालुका_वार्ताहर:

काका, सतरा वर्षं जिल्हा दैनिकाला बातम्या देतोय. 'जनजागृती' हा शब्द घेऊन आमच्याकडे येऊ नका, तो दिवसाला दहा पत्रकांत येतो. तुम्ही टॉर्च घेऊन शेड फिरलात ना, तीच बातमी आहे. दीडशे शब्द, मागासमोरचा जुना फोटो, तुमच्या आलेखाचा फोटो आणि एका तज्ज्ञाची दोन वाक्यं, एवढं तयार घेऊन या. उपसंपादकाला रात्री नऊ वाजता हातात तयार मजकूर लागतो.

वेळही बघून या. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, आरोग्य खात्याचं काही ना काही त्या दिवशी असतंच. दुसरी वेळ विसर्जनाची. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हा आकडा आम्ही दर वर्षी छापतो. त्याखाली चौकट द्यायची: 'मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशीही कान वाजतोय?' ती चौकट आजवर कुणी आणून दिली नाही, आणि आम्हालाही सुचली नाही हे कबूल करतो.

शब्दाबद्दल: मथळ्यात 'कानात किर्रर्र', मजकुरात एकदा 'टिनिटस म्हणजे कर्णनाद'. कर्णनाद सोडू नका. सुश्रुतसंहितेत कानाच्या २८ रोगांत तो आहे. आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे आणि त्याला नाव आहे, एवढं कळलं तरी माणूस बोलायला लागतो. आकडा हवा असेल तर २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात जगातल्या साधारण १४ टक्के प्रौढांना हा अनुभव आल्याचं दिसलं होतं.

जाहिरातीबद्दल वाईट वाटलं. बहिरेपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी छापल्या जातात.

ऑडिओलॉजी_अकोला:

मी रोज हेच पेशंट बघते, म्हणून जरा लांबलं तर समजून घ्या.

काका, लोक घाबरतील ही तुमची शंका अगदी बरोबर आहे. या आवाजाची भीती वाटली की लक्ष त्याच्याकडेच जातं आणि लक्ष गेलं की तो मोठा वाटतो. 'कर्णनादाने आयुष्य उद्ध्वस्त' असा मथळा वाचून त्याच रात्री झोप उडालेले पेशंट माझ्याकडे आले आहेत. उलट 'याला उपाय नाही, सवय करून घ्या' हे वाक्यही छापू नका. आवाज पुसून टाकणारी गोळी नाही, हे खरं. पण मशीन, मंद पार्श्वध्वनी, समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचार यांनी त्रास खूप कमी होतो, आणि तेही खरं आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात हवं.

मी पेशंटला एक जुना प्रयोग सांगते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे पूर्ण शांततेत जवळपास प्रत्येकाचा मेंदू काहीतरी वाजवतो. हे ऐकून माणसाचे खांदे खाली येतात, मी रोज बघते.

पण काही गोष्टी ठळक छापायला सांगा. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा, कारण पहिले दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर असेल तर तपासणी टाळायची नाही. काही औषधांनीही कान वाजतो, उदाहरणार्थ जास्त मात्रेतलं अॅस्पिरिन, जेंटामायसिन. मात्र पेपर वाचून कुणी आपल्या मनानं गोळी बंद करू नये. आणि ज्याला जगणं नकोसं झालंय त्याच्यासाठी १४४१६, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मागावर अजून उभे असलेल्यांसाठी एक हिशोब द्या. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ च्या वर सहज जातो, आणि तुमची पाळी बारा तासांची.

ढोलवाली (पुणे):

काका, मी २६ वर्षांची, पाच वर्षं पथकात ढोल वाजवते. विसर्जनानंतर दोन दिवस कान वाजणं म्हणजे 'वाजवलं भारी' असंच आम्ही समजायचो. गेल्या वर्षी ते थांबलंच नाही. आम्ही कापसाचे बोळे घालतो, त्यानं फारसं अडत नाही हे नंतर कळलं. फोमचे इअरप्लग पिळून नीट आत बसवावे लागतात. माझ्या वयाची मुलं पेपर उघडत नाहीत, त्यामुळे तुमची टॉर्चची गोष्ट मोबाइलवर एका मिनिटात सांगा आणि पाठवा. सरावाच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं.

माणदेशची_सून:

आमच्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, सामुदायिक रेडिओ, ९०.४ एफएम, २००८ पासून. इचलकरंजीपर्यंत ती पोचत नाही, पण तुम्हाला सांगली आणि कोल्हापूर आकाशवाणी आहे. पत्र लिहा, आरोग्याच्या कार्यक्रमात प्रश्न म्हणून पाठवा. माझ्या आत्याबाईंना वाचता येत नाही. कानात "भुंगा शिरलाय" म्हणायच्या, आणि घरात त्यांना भास होतात असं धरलं होतं. रात्री उशाशी रेडिओ बारीक लावून ठेवला की त्यांना झोप लागते. पेपर त्यांच्यापर्यंत कधीच गेला नसता.

जॉबरकाका (इचलकरंजी):

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, भुंग्याची गोष्ट त्या टीव्हीवाल्या सोबत्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण काल बायकोला घेऊन तपासायला गेला.

मजकुराची सुरुवात अशी केली आहे, चुका काढा:

"माग थांबला तरी तुमच्या कानात किर्रर्र आवाज येतो का? मलाही येतो, नऊ वर्षं झाली. याला कर्णनाद म्हणतात, टिनिटस. तुम्हाला वेड लागलेलं नाही. पुसून टाकणारं औषध नाही, पण त्रास कमी होतो, माझा झालाय. पहिलं काम एकच, घरात सांगा. दुसरं, कान तपासून घ्या."

पुढे धोक्याच्या खुणा आणि तो ९४, ९७ चा हिशोब. ४००० हर्ट्झचं ठेवू की काढू?

तालुका_वार्ताहर:

काढा. आलेखाचा फोटो आहे ना, त्यावर खड्ड्यापाशी पेनानं गोल करा. आणि 'घरात सांगा' हे वाक्य सगळ्यात वर घ्या.